कुंभाराच्या पोराला क्लबात घेणार नाही म्हणाले, तर या गड्याने अख्खा क्लबच मोडून टाकला

मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच असली की कोलकात्यात एकाच घरातले दोन भाऊ दिवसभर एकमेकांशी बोलत नाहीत. पण दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात फुटबॉल हा गोऱ्यांचा खेळ होता. बंगाली माणसाने तो मैदानाच्या कडेला उभं राहून बघायचा, एवढंच.

हे चित्र बदलणाऱ्या माणसाचं नाव नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी. जन्म 1869 चा. वडील सूर्यकुमार मोठे डॉक्टर. पुढे भाऊ देवप्रसाद कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. थोडक्यात, खाऊन-पिऊन सुखी, शिकलेलं घर.

गोष्ट सांगतात ती 1877 ची. आठ वर्षांचा नगेंद्र आईबरोबर घोडागाडीतून गंगास्नानाला निघाला होता. वाटेत मैदानावर गोरे सोल्जर एका चेंडूमागे पळताना दिसले. पोरगं गाडीतून उतरून बघत उभं राहिलं. तेवढ्यात चेंडू गडगडत त्याच्या पायाशी आला. सोल्जरने तो परत मारायला सांगितलं आणि याने लाथ घातली. भारतीय माणसाने फुटबॉलला मारलेली पहिली किक हीच, असं कोलकात्यात मानतात. आता पहिली की दुसरी हे कोण मोजायला बसलं होतं? पण त्या लाथेने पोराला वेड लावलं हे खरं.

दुसऱ्या दिवशी हेअर स्कूलमध्ये जाऊन त्याने वर्गातल्या पोरांना गोळा केलं. वर्गणी निघाली, मँटन कंपनीच्या दुकानातून चेंडू आला आणि खेळ सुरू झाला. गंमत म्हणजे तो चेंडू होता रग्बीचा. लांबट. पोरांना काय कळणार? शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्रोफेसर स्टॅक हा गोंधळ बघत होते. त्यांनी पोरांना गोल चेंडू दिला आणि नियमही शिकवले.

मग नगेंद्रप्रसाद यांनी क्लब काढायचा सपाटाच लावला. आधी बॉईज क्लब, जो भारतीयांनी काढलेला पहिला फुटबॉल क्लब मानला जातो. पाठोपाठ फ्रेंड्स क्लब, प्रेसिडेन्सी क्लब आणि 1880 च्या दशकात वेलिंग्टन क्लब. या शेवटच्या क्लबात 500 च्या आसपास सभासद होते. त्यात जमीनदारांची, वकील-डॉक्टरांची पोरं.

आणि इथेच ठिणगी पडली.

मणी दास नावाचा एक पोरगा उत्तम खेळायचा. नगेंद्रप्रसाद यांनी त्याला क्लबात घ्यायचं ठरवलं. पण तो कुंभाराचा पोरगा. बड्या घरच्या सभासदांनी हरकत घेतली. आमच्या बरोबरीने कुंभाराचं पोर खेळणार नाही, असा हट्ट. एका बाजूला एक खेळाडू, दुसऱ्या बाजूला वर्गणी देणारे शेकडो सभासद. कुठल्याही सेक्रेटरीने काय केलं असतं ते सांगायला नको.

नगेंद्रप्रसाद यांनी क्लबच बरखास्त केला. स्वतः उभा केलेला, भरभराटीला आलेला क्लब. त्यानंतर शोभाबाजारच्या राजघराण्याच्या पाठिंब्याने नवा शोभाबाजार क्लब निघाला आणि त्यात पहिला सभासद म्हणून नाव लिहिलं गेलं ते मणी दासचं. याच्या नंतर काही वर्षांनी आपल्या पुण्यात पळवणकर बाळूंच्या बोलिंगवर सामने जिंकले जात होते आणि चहाच्या वेळी त्यांचं भांडं मात्र वेगळं ठेवलं जात होतं. त्या काळात क्लब मोडणं ही केवढी गोष्ट होती, ते यावरून लक्षात येईल.

1889 मध्ये ट्रेड्स कप सुरू झाला. त्यात भारतीयांना प्रवेश मिळाला आणि शोभाबाजार गोऱ्यांच्या टीमपुढे उतरला. त्या वेळचे बंगाली खेळाडू बहुतेक अनवाणी खेळायचे, समोर बूट घातलेले सोल्जर. 1892 मध्ये शोभाबाजारने ईस्ट सरे रेजिमेंटला 2-1 ने हरवलं. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून शिल्ड जिंकली ती 1911 मध्ये. ती सगळ्यांना पाठ आहे. ही मात्र तिच्या 19 वर्षं आधीची.

आता क्लब झाले, स्पर्धा झाल्या, पण तारखा कोण ठरवणार? रेफ्री कोण देणार? कुठल्या क्लबने कुठे खेळायचं? त्यासाठी 1893 मध्ये इंडियन फुटबॉल असोसिएशन म्हणजे आयएफए निघाली. तिच्या उभारणीत डलहौसी क्लबच्या ब्राऊन आणि लिंडसे या साहेबांबरोबर नगेंद्रप्रसाद यांचंही नाव घेतलं जातं. त्याच वर्षी आयएफए शिल्ड सुरू झाली.

पण नाव इंडियन असलं तरी कारभार युरोपियन क्लबांच्या हातात. 1898 मध्ये कलकत्ता लीग सुरू झाली तेव्हा भारतीय क्लबांना दार बंद होतं. ते उघडलं 1914 मध्ये, म्हणजे मोहन बागानने शिल्ड जिंकल्यावर तीन वर्षांनी, तेही दुसऱ्या डिव्हिजनचं. वरच्या डिव्हिजनमध्ये दोनच भारतीय क्लब, असा नियम होता. तो मोडायला ईस्ट बंगालला भांडावं लागलं. मणी दासला अडवणारे जातीवर बोट ठेवत होते, इथे रंगावर ठेवलं जात होतं.

1937 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघ झाला आणि आयएफए बंगालपुरती उरली. नाव मात्र आजही इंडियनच आहे. पश्चिम बंगालच्या क्लबांचा कारभार तीच बघते.

नगेंद्रप्रसाद जानेवारी 1940 मध्ये गेले. बंगालबाहेर त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. 2021 मध्ये त्यांच्यावर बंगाली सिनेमा आला, नगेंद्रप्रसाद झाला होता सुपरस्टार देव. सिनेमाचं नाव ‘गोलंदाज’. मराठी माणसाला वाटावं, क्रिकेटवरचा असेल.