कोयनेकाठचे यशवंतराव

कराडला प्रीतिसंगमावर फिरायला गेलात, तर तिथे एक समाधी दिसते. यशवंतराव चव्हाणांची. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात. यातल्या कोयनेशी यशवंतरावांचं नातं मात्र नुसतं गावच्या नदीएवढं नव्हतं.

12 मार्च 1913 ला देवराष्ट्रे इथे आजोळी त्यांचा जन्म झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. वडील लहानपणीच गेले, आई विठाईंनी कष्टानं पोरं वाढवली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असतानाच ते चळवळीत पडले, तुरुंगात गेले. तरी कोल्हापुरात बीए आणि पुण्यात वकिलीचं शिक्षण पूर्ण केलं. बेचाळीसला भूमिगत झाले, पुढे पत्नी वेणूताईंनाही अटक झाली. हे सगळं तिशीच्या आत बरं का!

1956 ला ते मुख्यमंत्री झाले तेव्हा कोयना धरणाचं काम चालू होतं. पोरांच्या हाताला काम हवं तर कारखाने हवेत आणि कारखान्यांना वीज. नव्या महाराष्ट्राची मोठी भिस्त कोयनेवर होती. धरणासाठी खोऱ्यातली गावं उठली. त्या माणसांचा हिशोब अजून पुरता मिटलेला नाही, हेही सांगायलाच हवं. 1962 मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि त्याच वर्षी चीन युद्धाच्या धामधुमीत यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले.

इकडे जलाशय भरू लागला, तशी खोऱ्यातली जमीन गुरगुरायला लागली. सुरुवातीला धक्के छोटे होते. दख्खनचं पठार म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हाचे थरावर थर. हा काळा दगड कशाला हलतोय, अशीच तेव्हाची समजूत. धरणाच्या आराखड्यातही भूकंपाचा जोर कमीच धरला होता.

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनानगर गाढ झोपेत होतं. सहाहून जास्त रिश्टरचा धक्का बसला आणि दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. सुमारे 180 माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या. यशवंतराव तेव्हा देशाचे गृहमंत्री होते. आता जरा नकाशा काढून बघा. धरणाच्या खाली पाटण, मग त्यांचं कराड आणि त्याखाली सांगली. भिंत फुटली असती तर?

भिंत टिकली. पुढे काँक्रीटचा आधार देऊन ती मजबूत केली. जलाशयातल्या पाण्यानं भूकंप होतात का, हे शिकायला जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचं नाव घेऊ लागले.

यशवंतराव 25 नोव्हेंबर 1984 ला दिल्लीत गेले. कराडजवळ हजारमाचीला आता भूकंप अभ्यासणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. पाटण तालुक्यात गोठण्याजवळ तर तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. धक्का नेमका कधी येणार हे आधी सांगणं अजूनही कुणाला जमलेलं नाही. पावसाळ्यात धरण भरतं, पुढे पाणी उतरू लागतं आणि पाटणकडच्या घरांत एखाद्या रात्री मांडणीवरची भांडी वाजतात. माणसं अंगणात येतात, थोडा वेळ थांबतात आणि परत आत जाऊन झोपतात.