जेम्स रॉबर्टसन : गप्प मुलाचं दुःख दाखवणारा माणूस

जूनमध्ये पहिलीत रडणारं मूल चार दिवसांनी गप्प झालं की आपण म्हणतो, रुळलं बरं का! मीही म्हणायचे. रॉबर्टसन यांच्याबद्दल वाचल्यापासून तसं म्हणताना अडखळते.

त्यांचा जन्म १९११ चा, स्कॉटलंडमधला. महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात ते बॉयलर सांभाळायचे. १९४८ पासून टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्याकडे काम मिळालं, दवाखान्यातल्या लहान मुलांचं निरीक्षण करण्याचं. तेव्हा तिथे आईवडिलांना भेटायची परवानगी फार थोडी. भेटीनंतर मुलं रडतात, म्हणून भेटच नको, असा हिशोब! मूल आधी आक्रोश करतं, मग खचतं, शेवटी आईकडेच पाठ फिरवतं, हे रॉबर्टसन सांगत राहिले. कोणाला पटेना. मग त्यांनी कॅमेरा हाती घेतला.

१९५२ च्या त्या फिल्ममधली लॉरा जेमतेम अडीच वर्षांची, छोट्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात. निवडून रडणंच दाखवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून रोज ठरलेल्या वेळी चित्रण, घड्याळासकट. खरं तर लॉरा फारशी रडतच नाही. टेडीला घट्ट धरून बसते. घरी निघताना मात्र आईचा हात धरत नाही.

फिल्म पाहून कितीतरी डॉक्टर, नर्स भडकले, ती बंद करा म्हणाले. पण १९५९ मध्ये प्लॅट समितीच्या सरकारी अहवालाने आईवडिलांना मुलांकडे केव्हाही जाऊ द्या, अशी शिफारस केली.

पुढे रॉबर्टसन आणि पत्नी जॉइस यांनी आईपासून काही दिवस दुरावलेली मुलं स्वतःच्या घरी सांभाळली, त्यांच्यावरही फिल्म केल्या. १९८८ मध्ये ते वारले.