पाचगणीचा फ्रेडी, जगाचा मर्क्युरी

कोल्हापूरहून पुण्याकडे जाताना सातारा ओलांडला की पाचवड फाट्यावरून वाईचा रस्ता फुटतो. वाईपुढचा पसरणी घाट चढला की निवासी शाळांसाठी प्रसिद्ध असलेले पाचगणी येते. तेथील सेंट पीटर्स शाळेत पन्नासच्या दशकात फारुख बलसारा नावाचा एक लाजाळू पारशी विद्यार्थी होता. ऐंशीच्या दशकात रॉक आणि पॉप संगीतावर अधिराज्य गाजविणारा 'क्वीन' समूहाचा गायक फ्रेडी मर्क्युरी तो हाच.

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजीबारमध्ये झाला. घराण्याचे मूळ गुजरातमधील बलसार, म्हणजे आजचे वलसाड. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या सेवेत रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षी मुलाला समुद्रमार्गे भारतात धाडण्यात आले. आई-वडिलांपासून हजारो मैल दूर असलेल्या या मुलाला पाचगणीतच 'फ्रेडी' हे नाव मिळाले आणि पियानोही तेथेच गवसला. ऐकलेली धून लगेच वाजवून दाखविण्याची हातोटी त्याला साधली होती. बाराव्या वर्षी चार शाळासोबत्यांसह त्याने 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद उभा केला.

१९६३ मध्ये तो झांजीबारला परतला. पण पुढच्याच वर्षी तेथे क्रांती उसळली आणि बलसारा कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयातून त्याने १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका घेतली. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह 'क्वीन'ची स्थापना झाली. जॉन डीकन वर्षभराने आला. समूहाचे बोधचिन्ह फ्रेडीनेच रेखाटले. १९७५ मधील सुमारे सहा मिनिटांच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने त्याचे नाव सर्वतोमुखी केले.

ऐंशीचे दशक मात्र केवळ यशाचे नव्हते. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०), डेव्हिड बोवीसोबतचे 'अंडर प्रेशर' (१९८१), 'रेडिओ गा गा' आणि 'आय वाँट टू ब्रेक फ्री' (दोन्ही १९८४) ही गाणी गाजली. परंतु शेवटच्या गाण्याच्या चित्रफितीतील स्त्रीवेश अमेरिकेला रुचला नाही. त्याच वर्षी वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम केल्यामुळे समूहावर टीकेची झोड उठली.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम झाला. 'क्वीन'च्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली होती. तेवढ्या अवधीत फ्रेडीने सुमारे ७२ हजार श्रोत्यांना एका तालावर टाळ्या वाजवायला लावल्या. रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वोत्तम सादरीकरणांत आजही त्याची गणना होते.

१९८७ मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. तरीही त्याच वर्षी ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्यासोबतचे त्याचे 'बार्सिलोना' आले आणि शरीर खंगत असतानाही ध्वनिमुद्रण थांबले नाही. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

झांजीबार, पाचगणी आणि आपले पारशीपण यांविषयी फ्रेडी जाहीरपणे फारच थोडे बोलला. गोऱ्यांच्या संगीतविश्वात मूळ नाव मागे ठेवणे त्याला सोयीचे वाटले असेल, की केवळ गाण्यानेच आपली ओळख व्हावी ही त्याची इच्छा असेल, याचे उत्तर त्याच्याबरोबरच गेले. मात्र लंडनमध्ये त्याला अखेरचा निरोप देण्यात आला तो जरथुस्त्री धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी. २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चित्रपटाने नव्या पिढीला त्याची ओळख करून दिली. ऐंशीच्या दशकातील पाश्चात्त्य गाण्यांच्या इतिहासात सातारा जिल्ह्यातील एका शाळेचाही वाटा आहे, हे त्या निमित्ताने पुन्हा स्मरले.