माधव महाराजांची रुप्याची आगगाडी

जुन्या मराठी वाड्यात मुदपाकखाना आणि पंगत यांच्यामध्ये भिंत असायचीच. धूर, सोवळेओवळे आणि वाढप्यांची धावपळ पाहुण्यांच्या नजरेआड राहावी, हा त्यामागचा हेतू. आज फ्लॅटमधली तशी भिंत पाडून ओटा बैठकीला जोडण्याची हौस घरोघरी दिसते. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी भिंतीला हात लावला नाही. त्यांनी जेवणाच्या टेबलावरच रूळ टाकले.

माधवरावांचा जन्म 20 ऑक्टोबर 1876 रोजी झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1874 मध्ये, त्यांचे वडील जयाजीराव यांनी मायकेल फिलोज यांच्याकडून जयविलास महाल बांधून घेतला होता. 1886 मध्ये जयाजीराव निवर्तले आणि नऊ वर्षांचे पोर गादीवर बसले. कारभार मंडळाच्या हाती गेला; पूर्ण अधिकार मिळण्यास 1894 उजाडले.

तरुण राजाला यंत्रांचे, त्यातही आगगाडीचे विलक्षण वेड. हे वेड महालापुरते राहिले असते तर इतिहासाने त्याची फारशी दखल घेतली नसती. पण 1895 च्या सुमारास सुरू झालेल्या अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांचे जाळे पुढे भिंड, शिवपुरी आणि श्योपूरपर्यंत पोहोचले. ग्वाल्हेर ते श्योपूर हा सुमारे 200 किलोमीटरचा मार्ग त्या रुंदीच्या जगातील सर्वांत लांब मार्गांत गणला गेला. चंबळेकाठच्या दुर्गम गावांना संस्थानच्या राजधानीशी जोडणारी ही गाडी शतकाहून अधिक काळ रयतेच्या उपयोगी पडली.

टेबलावरची गाडी हे याच वेडाचे गोजिरे रूप. रुळ चांदीचे, डबे चांदीचे, त्यांवर कापीव काचेची पात्रे आणि प्रत्येक डब्यावर शिंदे नावाचे एकेक इंग्रजी अक्षर. जेवण उरकले की मद्य आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरे. कोणी सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. पाहुण्यांना हवे ते वाढप्याची वाट न पाहता हाताशी येई. अर्थात मुदपाकखान्यात राबणाऱ्यांचे कष्ट त्यामुळे कमी झाले, असे मानण्याचे कारण नाही.

खेळण्यांत रमणारा राजा म्हणून त्यांना निकालात काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. 1900 मध्ये चीनमधील बंडाच्या वेळी त्यांनी ग्वाल्हेर नावाचे रुग्णालय-जहाज दिले आणि स्वतःही तेथे गेले. 1918 मध्ये भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेल्या संगीत विद्यालयास त्यांनी आश्रय दिला.

घरात मात्र एक उणीव होती. चिंकूराजे यांना अपत्य नव्हते. म्हणून त्यांनी गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी विवाह केला. 1916 मध्ये जिवाजीराव जन्मले. ग्वाल्हेरचे वैद्यकीय महाविद्यालय आजही या गोमंतकन्येचे नाव धारण करते.

5 जून 1925 रोजी पॅरिसमध्ये माधवरावांचे निधन झाले. जिवाजीरावांचे नववे वर्ष तेव्हा पुरे व्हायचे होते. वडिलांप्रमाणे तेही पोरवयातच गादीवर आले, आणि पूर्ण अधिकार त्यांना 1936 मध्ये मिळाले. शिवपुरीत माधवरावांची संगमरवरी छत्री आहे. रुप्याची आगगाडी आता जयविलासमधील संग्रहालयात, त्याच लांब टेबलावर उभी असते.