लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या दारात भंगारवाला आला होता. वडिलांनी गोठ्यामागे पडलेला जुना लोखंडी नांगर त्याच्या काट्यावर ठेवायला बाहेर काढला. आजोबा ओट्यावरून उठले आणि त्यांनी नांगराचं रुमणं धरलं, ते काही सोडेचनात. शेवटी भंगारवाला नुसताच निघून गेला. वडील रागावले. पॉवर टिलर आल्यापासून त्या नांगराला कोणी हात लावला नव्हता.

मी विटेच्या तुकड्यानं गंज घासायला बसलो. घासता घासता लोखंडावर उठावाची अक्षरं दिसली. ती होती किर्लोस्कर. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला वाटलं, ही गोष्ट सगळ्यांना कळली पाहिजे. म्हणून इथं लिहितो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळ गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणी त्यांचं लक्ष पुस्तकापेक्षा चित्रात आणि यंत्रात जास्त. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्यांना आधार दिला. पण दोन वर्षांनी कळलं, की काही रंगांतला फरक लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना ओळखू येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला केवढं दुःख झालं असेल! पण ते रडत बसले नाहीत. यंत्रांच्या चित्रांना रंग लागत नाहीत, माप लागतं. ते यांत्रिक चित्रकला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

१८८८ साली बेळगावला किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान निघालं. तेव्हा सायकल म्हणजे मोठी नवलाई होती. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग १९०३ साली लोखंडी नांगर.

आता लाकडी आणि लोखंडी नांगरात फरक काय ते सांगतो. लाकडी नांगराला लोखंडी फाळ असतो, पण तो जमीन चिरत जातो, माती फारशी उलटत नाही. लोखंडी नांगराच्या फाळाच्या वर एक वळवलेला पत्रा असतो. फाळ खालून माती कापतो आणि पत्रा ती उचलून कुशीवर पालथी करतो. गवत खाली जातं, खालची माती वर येते, उन्हानं तापते. हरळीची मुळं उघडी पडून वाळतात. एवढा सगळा फरक त्या पत्र्याच्या वळणात आहे.

परंतु शेतकरी तो नांगर घेईनात! लोखंडानं जमीन विषारी होईल अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. हे ऐकून आम्ही वर्गात हसलो. तेव्हा गुरुजींनी आम्हाला थांबवलं. ते म्हणाले की ज्याच्या घरात वर्षाला एकच पीक येतं, तो नव्या वस्तूला घाबरणारच. पीक बुडालं तर त्यानं पोरांना काय घालायचं? मग आमचं हसू थांबलं. माझ्या आजोबांनासुद्धा पहिल्यांदा पॉवर टिलर नको होता.

ही गोष्ट बोलून पटण्यासारखी नव्हतीच. शेतात नांगर फिरला, पीक डोळ्यांना दिसलं, तेव्हा लोकांना पटलं. दोन वर्षं माल पडून राहिला तरी लक्ष्मणरावांनी धंदा बंद केला नाही. मला त्यांच्या हुशारीपेक्षा हा धीर मोठा वाटतो.

नांगर खपू लागले आणि दुसरंच संकट आलं. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. तेही चित्रकलेचे शौकीन. त्यांनी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ दिला. माळावर निवडुंग आणि सापच जास्त! १९१० साली तिथं कारखाना उभा राहिला आणि कामगारांची वस्ती झाली. तीच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. त्या वस्तीत शिवाशिव पाळायची नाही असा नियम होता. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणीचं काम दिलं. गंजलेलं लोखंड घासलं की उपयोगी पडतं, हे त्यांना माणसांच्या बाबतीतही ठाऊक होतं.

गुरुजींनी आणखी एक गंमत सांगितली. रस्त्याच्या कामावर आपण पोकलेन पाहतो. त्याला चाकं नसतात, लोखंडी चेन असते. तसल्या चेनवर चालणारा ट्रॅक्टर १९०४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये बेंजामिन होल्ट यांनी चालवून दाखवला. तिथल्या मऊ जमिनीत जड ट्रॅक्टरची चाकं रुतत होती, म्हणून त्यांनी चाकांच्या जागी रुंद पट्टा बसवला. लक्ष्मणरावांच्या नांगरानंतर अवघ्या एका वर्षातली ही गोष्ट. दोघांची ओळखदेख नव्हती, पण दोघांनी आधी पायाखालची माती पाहिली आणि मग यंत्र केलं. आमच्या मुळशीच्या चिखलात ज्याची गाडी रुतली आहे, त्याला हे लगेच समजेल.

लक्ष्मणराव १९५६ साली वारले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते.

आता आमच्या नांगराचं काय झालं ते सांगतो. नटबोल्ट गंजून घट्ट बसले होते. आजोबांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांवर रोज डिझेल सोडलं. आठव्या दिवशी पहिला नट फिरला. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत केला, कारण पत्रा खरखरीत असला की माती चिकटते. दोन बोल्ट नवे आणले. फाळाचं टोक पार झिजलेलं होतं. आजोबा त्यावरून बोटं फिरवत बसले. ही झीज गंजाची नाही, आमच्या खाचरांची आहे, असं ते म्हणाले.

भात काढून झाल्यावर शेजारच्या काकांची बैलजोडी आणली. आजोबांचे हात आता थरथरतात, म्हणून रुमणं वडिलांनी धरलं. पहिल्या तासाला नांगर दोनदा बाहेर निसटला. आजोबा बांधावरून ओरडून सांगत होते, किती दाबायचं, कुठं सैल सोडायचं. तिसऱ्या तासाला माती कुशीवर वळू लागली. ओल्या मातीचा वास आला आणि मागोमाग बगळे उतरले. वडील काही बोलले नाहीत, पण दुपारी जेवायला घरी चला म्हटलं तरी ते आले नाहीत. खाचर संपवूनच आले.

आमच्या शेजारच्या बऱ्याच खाचरांना आता तारेचं कुंपण पडलं आहे. तिथं भात होत नाही. आमचं खाचर किती वर्षं राहील हे मला माहीत नाही. पण नांगर आता गोठ्यामागे नाही. वडिलांनी तो धुऊन, तेल लावून पडवीत ठेवला आहे. भंगारवाला परवा पुन्हा आला होता. वडिलांनी त्याला प्यायला पाणी दिलं आणि मोकळंच पाठवलं.