धोतराची गाठ ते प्रोस्टेटची गाठ

प्रोस्टेट ग्रंथी जेमतेम अक्रोडाएवढी. ती मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. उतारवयात ती वाढते आणि त्या वाढीआड कधी कधी कर्करोग दडलेला असतो. रक्तातले ‘पीएसए’ वाढलेले दिसले, की पूर्वी सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीच्या ठरलेल्या भागांत दहा-बारा ठिकाणी सुई घालून तुकडे काढत. गाठ सुईच्या वाटेत आली तर सापडे, नाही तर निसटे. आता आधी एमआरआय करून संशयास्पद जागा हेरतात आणि सुई तिथेच नेतात. यंत्राने जागा दाखवली, तरी ती गाठ कर्करोगाची आहे की नाही, याचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहणारा पॅथॉलॉजिस्टच देतो. हे शास्त्र भारतात ज्यांनी रुजवले, त्यांत पहिले नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी हा विषय शिकवला. रुग्णांची रांग आणि नाव मिळवून देणाऱ्या शाखा वेगळ्या होत्या. पॅथॉलॉजिस्टचा चेहरा रुग्णाला सहसा दिसतही नाही. खानोलकरांनी आयुष्यभर हेच पडद्यामागचे काम केले.

१९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. देशभरातून येणाऱ्या रुग्णांच्या गाठींचे तुकडे त्यांच्या मेजावर येऊ लागले. तुकड्याला नाव देऊन अहवाल पाठवला की पॅथॉलॉजिस्टचे काम संपते, असे त्यांनी मानले नाही. ही गाठ शरीराच्या याच जागी का झाली, हा प्रश्न ते विचारत राहिले.

या प्रश्नाचे उत्तर कधी कधी प्रयोगशाळेबाहेर, माणसांच्या राहणीत सापडले. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाने कातडी काळवंडते, जाड होते, तिथे जखम होते आणि काहींमध्ये पुढे त्याच जागी कर्करोग होतो. खालच्या ओठामागे खैनीची चिमूट धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच खाचेत कर्करोग होतो. चुट्टा पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची आंध्रच्या किनाऱ्यावर रीत होती. तिथे टाळूचा कर्करोग आढळतो. रोजच्या सवयींमुळे होणाऱ्या या तीन प्रकारांवरचा शोधनिबंध खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे मोल असे, की सवयीने येणारा आजार सवय सोडून टाळताही येतो. कर्करोग म्हणजे दैवाचा घाला, अशी समजूत घट्ट असलेल्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळे कर्करोग का आढळतात, याचाही त्यांनी अभ्यास केला. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंच्या वाटेने कसे पसरतात, यावरही त्यांनी काम केले. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले, त्याचे ते संस्थापक-संचालक. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. रणदिवे यांनी तिथे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. खानोलकर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे मानही त्यांना मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

माणसाच्या शरीराच्या पहिल्या एमआरआय प्रतिमा त्याच्या जेमतेम वर्षभर आधी घेतल्या गेल्या होत्या. प्रोस्टेटमधली गाठ सुईआधीच दिसण्याचे दिवस त्यांनी पाहिले नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ या ५०० पुरुषांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत जुन्या पद्धतीने २६ टक्के, तर एमआरआयच्या मार्गाने ३८ टक्के पुरुषांमध्ये दखल घ्यावी असा कर्करोग सापडला. उपचाराची घाई नको असे मंद कर्करोग मात्र २२ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांनाच आढळले. एमआरआय गटातल्या चौथ्या हिश्शाहून अधिक पुरुषांना तर सुई टोचून घ्यावीच लागली नाही.

सापडलेला कर्करोग किती आक्रमक आहे, हे आजही पेशींची रचना पाहूनच ठरते. त्यासाठी अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात मांडलेली श्रेणी सुधारित रूपात वापरली जाते. याच श्रेणीवरून शस्त्रक्रिया करायची, किरणोपचार द्यायचे की फक्त लक्ष ठेवायचे, याचा निर्णय घ्यायला मदत होते.

डहाणूजवळच्या चिखलेसारख्या किनाऱ्यावरच्या गावातून परळ गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. त्यात सुई लावली की कर्करोग पसरतो, ही भीती. प्रोस्टेटच्या बायोप्सीने असे होण्याचा धोका अत्यंत नगण्य आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा लघवी अडणे हे त्रास होऊ शकतात आणि त्यांची काळजी घेतली जाते. लघवीची धार बारीक झाली, रात्री वारंवार उठावे लागले, तर बहुतेकदा कारण ग्रंथीची साधी वाढ असते. पीएसएही साध्या वाढीने किंवा संसर्गाने वाढते. उलट सुरुवातीचा कर्करोग अनेकदा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणून अंदाजाने घाबरण्यात अर्थ नाही आणि अंदाजाने निर्धास्त राहण्यातही नाही. गाठ आहे का, कुठे आहे आणि कसली आहे, हे पाहूनच ठरवावे लागते. खानोलकरांनी परळच्या प्रयोगशाळेत पिढ्यांना हेच शिकवले.