श्रमाला ज्ञानमंदिरात मान देणारे कर्मवीर

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाची दारे खेड्यांतील गोरगरिबांसाठी खुली करणाऱ्या थोर पुरुषांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान अग्रभागी आहे. दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते राजाराम हायस्कूलमध्ये शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते १९०८ मध्ये उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगमधील आश्रयास ते मुकले. त्या बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात याच लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. तुरुंगात छळ सोसूनही त्यांनी असत्याचा आश्रय घेतला नाही. जुन्या दुखाव्याची परतफेड करण्याची संधी चालून आली असताना त्यांनी सत्याची बाजू सोडली नाही, यातच त्यांच्या चारित्र्याची उंची दिसते.

ओगले यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांचे अज्ञान व दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीस बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाचे नामकरण केले. या मुलांच्या अन्नासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मंगळसूत्रही मागे ठेवले नाही. १९३० मध्ये त्या निवर्तल्या.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने तेथे हाती कुदळ घेणारा विद्यार्थी पदवीचाही अधिकारी ठरला. पदवीधराने अंगमेहनत करणे कमीपणाचे, हा समज त्यामुळे ढासळू लागला. १९४८ मध्ये शासनाने अनुदान रोखले, तरीही लोकवर्गणीच्या बळावर संस्था तगली.

१९५९ मध्ये पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी.लिट्. हे सन्मान त्यांना लाभले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. २०२१ मध्ये साताऱ्यात त्यांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले. विद्यार्थ्याची जात न विचारणे आणि त्याच्या श्रमाला प्रतिष्ठा देणे, हीच या ज्ञानतपस्व्यास खरी आदरांजली होय.